वीस-बावीस वर्षं डिलिव्हरीची गाडी चालवलेल्या माणसाला युनियनच्या सभासदत्वाचा उपयोग काय?

खडकी_ते_खराडी

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मेहुण्यांचा आहे. ते भोसरीतल्या एका वितरकाकडे डिलिव्हरीची गाडी चालवतात. बिस्किटं, फरसाण, थंड पेयं असला माल. २००३ पासून एकाच ठिकाणी. जुने ड्रायव्हर मालकाच्या पगारपत्रकावर आहेत, गेल्या सात-आठ वर्षांत आलेली सगळी पोरं ठेकेदाराची. काम तेच, रूट तेच, पगार जवळजवळ निम्मा.

आता गेटवर एक युनियन आली आहे. सभासद व्हा म्हणतात. मेहुण्यांचं म्हणणं, "निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली, आता कशाला मालकाच्या डोळ्यावर यायचं? उमेदीत होतो तेव्हा कुणी आलं नाही." बहिणीचं म्हणणं नेमकं उलट.

इतकी वर्षं झालेल्या माणसाला सभासद होऊन खरंच फरक पडतो का? अनुभव असणाऱ्यांनी लिहा. ॲपवाल्या पोरांचा विषय वेगळा आहे, तो शक्यतो इथे नको.

चहाबाज

"तो इथे नको" म्हटलंत ना, आता पहा पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत तोच चालेल. जागा पकडून बसतोय.

गिरणगावकर

मेहुण्यांना सांगा, लांब राहा. माझे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर. तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही. तरुण होते त्यांनी नंतर रिक्षा घेतली, भाजी विकली, काहीतरी केलं. पंचवीस वर्षं सर्व्हिस झालेला माणूस कुठे जाणार? ग्रॅच्युइटीसाठी वडिलांनी चपला झिजवल्या. जास्त वर्षं झालेल्याकडेच गमावण्यासारखं जास्त असतं, एवढा साधा हिशेब आहे.

लाल_डबा

गिरणगावकर, तुमच्या घरानं जे सोसलं त्यावर मी बोलणार नाही. पण उदाहरण अर्धंच देताय. त्या वेळी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एका उद्योगात मान्यता एकाच युनियनला, आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगार मोठ्या संख्येनं दत्ता सामंतांच्या मागे गेले, पण मालकांशी बोलायचा कायदेशीर हक्क दुसऱ्याकडे. बोनस आणि पगारासोबत त्या मान्यतेवरूनही भांडण होतं. म्हणून नुसतं "युनियन हवी की नको" विचारून भागत नाही. गेटवर आलेल्या युनियनकडे सभासद किती आहेत, मालक तिच्याशी बोलायला बांधील आहे का, हे आधी बघा.

आणि गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं ते आपण परळला जाऊन बघू शकतो. संप झाला नसता तर गिरण्या आज चालू असत्या असं तुम्हाला खरंच वाटतं?

गिरणगावकर

चालू नसत्या. पण हिशेब हातात घेऊन बाहेर पडले असते.

बिनकोटाचा_वकील

कामगार न्यायालयात बरीच वर्षं जातो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट. एकट्या माणसाला कामावरून काढलं तर दाद मागायला युनियन लागतेच असं नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर कामगार समेटासाठी अर्ज करून ४५ दिवसांनी थेट न्यायालयात जाऊ शकत होता. पण पगारवाढ, भत्ता, रूटची फेररचना यावर एकटा माणूस विवाद उभा करू शकत नाही. त्यामागे युनियन किंवा कामगारांची बऱ्यापैकी संख्या लागते.

दुसरी. त्याच कायद्यात कामगार न्यायालयात वकील उभा करायला समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागायची, युनियनच्या पदाधिकाऱ्याला मात्र तशी अडकाठी नव्हती. चांगल्या युनियनचा मुरलेला पदाधिकारी माझ्यासारख्या दोघांना पुरून उरतो. खरं ते सांगावं.

तिसरी गोष्ट जुन्या ड्रायव्हरसाठी सगळ्यात मोठी. काढल्याविरुद्ध दाद मागताना वर्षभरात २४० दिवस काम केलं हे सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये हदिमनी प्रकरणात सांगितलं, की नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, पगाराची पावती, नेमणूकपत्र असं काहीतरी दाखवा. ड्रायव्हरकडे काय असतं? हजेरी गेटवरच्या वहीत, वही मालकाकडे. पगार कैक वर्षं व्हाउचरवर. मालाच्या चलनाच्या प्रती दुकानदाराकडे नाहीतर रद्दीत. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणांचं प्रकरण इथेच लंगडं होतं. जिथे जुनी युनियन आहे तिथे निदान मागणीपत्रात नावं असतात, करारासोबत यादी असते, वर्गणीच्या पावत्या असतात. एवढ्यावर खटला जिंकता येत नाही, पण उभा राहतो.

नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वरचं बरंचसं त्यांत थोड्याफार फरकानं आलंय, मुदती बदलल्या आहेत. आपल्या १९७१ च्या राज्य कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद लागायचे. औद्योगिक संबंध संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तिथे एकट्या युनियनला वाटाघाटीचा हक्क हवा तर ५१ टक्के. म्हणजे मेहुण्यांसारखे चार जुने कुंपणावर बसले तर युनियनचा आकडाच भरणार नाही.

तीनचाकी

वकीलसाहेब, फी किती झाली? मी नुसतं वाचलंय हां.

जर्सीकर

माझं क्षेत्र आयटी, पण शेजारी यूपीएस या अमेरिकन पार्सल कंपनीचा ड्रायव्हर आहे, पंचवीसेक वर्षांचा जुना. त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो.

तिथे टीमस्टर्स युनियन. २०२३ चा करार झाला तेव्हा साधारण ३ लाख ४० हजार लोक त्याखाली होते. करार संपेपर्यंत पूर्णवेळ ड्रायव्हरचा वरचा दर ताशी सरासरी ४९ डॉलर. वर्गणी महिन्याला तासाच्या दराच्या अडीचपट, म्हणजे साधारण अडीच तासांची मजुरी. पण शेजारी पगाराबद्दल कधी बोलत नाही, त्याचं सगळं बोलणं 'सिनियॉरिटी'बद्दल. कुठला रूट घ्यायचा, सुट्टी कुठल्या आठवड्यात, हे नोकरीतल्या वर्षांच्या क्रमानं ठरतं. यादीत वरचा आधी निवडणार. कपात झाली तर खालून सुरुवात. हे सगळं करारात लिहिलेलं, मॅनेजरच्या मर्जीवर काही नाही.

२०१८ च्या करारात ड्रायव्हरांचा एक कमी पगाराचा दुसरा वर्ग तयार झाला होता. २०२३ मध्ये तो काढायला लावला. हा म्हणतो, "खालचा वर्ग राहिला असता तर पाच वर्षांत मीच महाग ठरलो असतो."

सगळं गोड नाही. २०२५ मध्ये कंपनीनं जुन्या ड्रायव्हरांना पैसे घेऊन बाहेर पडायची योजना दिली. युनियननं विरोध केला, तरी लोकांनी घेतली. याची कंबर गेली आहे, हाही विचार करत होता.

पिंपळे_गुरवकर

आमच्याकडेही सिनियॉरिटी आहे की! सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला सगळ्यात जुना टेम्पो.

तीनचाकी

हाहाहा. आणि सेल्फ लागत नाही म्हणून उतारावर लावायचा.

बिनकोटाचा_वकील

जर्सीकर, "शेवटी आलेला आधी जाईल" हे तत्त्व आपल्या कायद्यातही १९५० च्या दशकापासून आहे. कपात करताना ज्येष्ठता यादी लावावी लागते. पण नवा माणूस ठेकेदाराचा असेल तर तो त्या यादीतच नसतो. मग यादीत सगळे जुनेच, आणि त्यांतला कुणीतरी शेवटचा असतोच. मेहुण्यांच्या ठिकाणची मेख इथे आहे.

मनुष्यबळ_खातं

दुसऱ्या बाजूनं लिहितो, शिव्या द्या हवं तर. वितरण कंपन्यांत एचआर केलंय.

आमच्या तक्त्यात वीस वर्षांचा ड्रायव्हर म्हणजे एक आकडा. ठेकेदाराचा ड्रायव्हर त्याच्या निम्म्यात पडतो. त्यामुळे कुणी दुष्ट असो नसो, दर बजेटला तोच प्रश्न येतो, की हे रूट ठेकेदाराकडे कधी द्यायचे. युनियन नसेल तर पद्धत ठरलेली. लांबचा रूट द्यायचा, क्लीनर काढून घ्यायचा, पन्नाशीच्या माणसाला एकट्यानं क्रेट उतरवायला लावायचे. सहा महिन्यांत तो स्वतःच येऊन विचारतो, "साहेब, हिशेब केला तर किती मिळतील?" युनियन असली तर हे असं करता येत नाही. मग आकर्षक रकमेची स्वेच्छानिवृत्ती काढावी लागते. माणूस जातो दोन्हीकडे, पण रकमेत फरक मोठा असतो.

मेहुण्यांना निवृत्तीपर्यंत राहायचंय की चांगली रक्कम घेऊन निघायचंय, हे त्यांनी आधी स्वतःशी ठरवावं.

लाल_डबा

इतकं सरळ लिहिलंत, शिव्या देववत नाहीत. पण क्लीनर काढून घेण्याची आयडिया कुणाची होती हो?

मनुष्यबळ_खातं

पुढचा प्रश्न.

छोटा_हत्ती_४०७

मी स्वतः डिलिव्हरी ड्रायव्हर. दुधाची गाडी, मग बेकरी, आता पुन्हा दूध. युनियनचा सभासद बरीच वर्षं आहे, म्हणून धागा वाचून राहवलं नाही. मोबाईलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

पगार किती वाढला ते मला विचारू नका. तीन वर्षांनी करार होतो, महागाई तोवर पुढे गेलेली असते. आमच्याकडे युनियननं खरी गोष्ट केली ती शॉर्टेजची.

शॉर्टेज म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. पहाटे साडेतीन-चारला गाडी भरतात. डॉकवर एकच ट्यूबलाइट. लोडर क्रेट आत ढकलत जातात, सुपरवायझर तोंडानं आकडा म्हणतो आणि चलनावर लिहितो. ड्रायव्हर तेव्हा डिझेलच्या स्लिपसाठी खिडकीवर उभा. त्यानं मोजलं नसतं, पण सही त्याची. सातव्या-आठव्या दुकानात कळतं, दोन क्रेट कमी. दुकानदार म्हणतो मी घेतलेच नाहीत, सुपरवायझर म्हणतो मी भरले. महिनाअखेर पगारातून कापले. फुटलेल्या पिशव्या, रिकाम्या क्रेटचा फरक, सगळं ड्रायव्हरच्या नावावर. एकेका महिन्यात घरी नेण्यासारखा पगार उरायचा नाही, मग मालकाकडून उचल. उचल घेतली की तोंड बंद.

युनियननं करारात एक ओळ घालून घेतली. मोजणी ड्रायव्हरसमोर, चलनावर लोडिंग सुपरवायझर आणि ड्रायव्हर दोघांची सही, आणि सुपरवायझरची सही नसेल त्या चलनाची कपात नाही. एवढंच. चोरी पंधरा दिवसांत थांबली, कोण करत होतं ते कुणी विचारलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. आमचे सेक्रेटरी नंतर गाडीवर कधी दिसले नाहीत. मागच्या करारात ठेकेदाराच्या पोरांचा मुद्दा मागणीपत्रात पहिला होता, सही झाली तेव्हा गायब. विचारलं तर म्हणे पुढच्या वेळी. पोरं आमच्याकडे बघून हसतात, "काका, तुमची युनियन तुमच्यापुरती." खोटं काय आहे त्यात? म्हणून युनियन आंधळेपणानं चांगली म्हणणार नाही. पण शॉर्टेजची ती ओळ मी एकटा दहा जन्मांत घालून घेऊ शकलो नसतो.

चहाबाज

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. हत्तीदादा, लिहीत जा.

कोथरूडची_सून

माझे वडील टेम्पोवर होते. एकदा रात्री नगर रस्त्यावर त्यांच्या गाडीला दुचाकीवाला येऊन धडकला. चूक कुणाची ते नंतर ठरणार, पण गाडी मोठी म्हणून वडील चौकीत. मालकानं फोन उचलला, "गाडीचे कागद पाठवतो" म्हणाला. गाडीचे. माणसासाठी युनियनचे एक काका आले, जामिनाची व्यवस्था होईपर्यंत बाकावर बसून राहिले. आईनं त्यानंतर वर्गणी कधी चुकू दिली नाही, घरात काही असो नसो. पगारवाढीच्या हिशेबात हे कुठे बसवायचं मला माहीत नाही.

लाल_डबा

यावरून जानेवारी २०२४ चं 'चक्का जाम' आठवलं. न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये अपघात करून न कळवता पळालेल्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या आणि दोन दिवसांत पंपांवर रांगा. केंद्राला वाहतूकदारांशी बसून बोलावं लागलं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं होतं.

वर्गणीबुडव्या

आणि त्यांतल्या किती जणांकडे युनियनची पावती होती? दिल्लीत चर्चेला बसली ती मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस, ती तर गाडीमालकांची संघटना. ड्रायव्हरांनी पावती-बिवती न फाडता करून दाखवलं. एकी असली की झालं. वर्गणी कशाला?

लाल_डबा

दोन दिवस गाडी उभी करायला पावती लागत नाही, मान्य. पण त्याच ड्रायव्हरची झोप, भत्ता, विमा यावर तिसऱ्या दिवशी कोण बोललं? सगळे आपापल्या गाडीवर.

माथाडी_पुत्र

अवांतर होईल, पण माथाडींचा विषय कुणी काढला कसा नाही? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरचा ठरावीक टक्का) माथाडी मंडळात भरतो, मंडळ हमालाला देतं. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मंडळाकडे. व्यापारी बदलला, गोदाम बदललं, तरी हमालाची नोंद मंडळात राहते. आमचे तीर्थरूप वाशीच्या बाजारात होते, किती व्यापाऱ्यांकडे ओझी उचलली ते त्यांनाच आठवत नसेल, नोंद मात्र सलग. त्याच गाडीचा ड्रायव्हर यात नाही. हमाल माल उतरवतो त्याची नोंद मंडळात, तो माल आणणाऱ्याची कुठेच नाही.

पिंपळे_गुरवकर

माथाडीच्या नावाखाली चाकणला जी वसुली चालते तीही लिहा की. घरसामान उतरवताना आम्ही भोगलंय. हात न लावता पैसे.

माथाडी_पुत्र

ते गुंड. मंडळाचा बिल्ला मागा, पळतात. खऱ्या माथाडीला त्यांचा त्रास तुमच्याहून जास्त.

*(इथून पुढे चाकणची वसुली, पोलीस आणि कुठल्या मिसळीला तर्री जास्त यावरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. — संपादक)*

स्क्रोल_करून_आलो

ॲपवाल्यांबद्दल एकच ओळ, धागाकर्त्यांनी माफ करावं. सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के गिग कामगारांच्या निधीत भरायचे आहेत, राजस्थाननं २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. हे आपोआप झालेलं नाही, त्या पोरांच्या संघटना मागे लागल्या होत्या. आणि ती पोरं तर कागदावर कामगारही नाहीत.

चहाबाज

आलं! म्हटलं होतं ना.

खडकी_ते_खराडी

सगळ्यांचे आभार. धागा मेहुण्यांना वाचून दाखवला. शॉर्टेजचं ऐकून ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले "त्या हत्तीवाल्याला विचार, कुठल्या डॉकवर आहे."

वकीलसाहेबांनी कागदांचं लिहिलं म्हणून काल पीएफचं पासबुक काढलं. नोकरीची तारीख २००९! त्याआधीची सहा वर्षं व्हाउचरवर, तीही मालकाच्या भावाच्या नावानं असलेल्या दुसऱ्या फर्मची. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून चौदा हजार धरतो. ग्रॅच्युइटीत किती फरक पडेल?

बिनकोटाचा_वकील

सूत्र तेच: शेवटचा मासिक पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. २२ वर्षं धरली तर सुमारे १ लाख ७७ हजार. १६ धरली तर १ लाख २९ हजार. म्हणजे ४८ हजारांच्या वर फरक, आणि निवृत्तीपर्यंत पगार वाढला की हाही वाढेल. शिवाय नव्या संहितांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारात धरायचा आहे. ड्रायव्हरांच्या पगारात भत्तेच जास्त असतात, तेव्हा स्लिप नीट वाचा.

पहिल्या सहा वर्षांसाठी काय आहे? जुनं ओळखपत्र, आरटीओचं चलन ज्यावर गाडीचा नंबर आणि यांचं नाव दोन्ही आहे, अपघात विम्याचा दावा, मालकानं बँकेला दिलेलं पत्र, काहीही चालेल. तेव्हाचे सोबती सापडले तर उत्तम.

खडकी_ते_खराडी

चलन आहे! २००५ चं, सिग्नल तोडल्याचं. बहिणीनं लायसनच्या पाकिटात ठेवलेलं निघालं.

तीनचाकी

वाहतूक पोलिसांचा असा उपयोग पहिल्यांदाच ऐकला.

गिरणगावकर

माझं मत युनियनबद्दल बदललेलं नाही. पण ते चलन लॅमिनेट करू नका, शाई उडते. झेरॉक्स काढा, साक्षांकित करून घ्या. आमच्या वडिलांचं हजेरीकार्ड असंच गेलं.

मनुष्यबळ_खातं

आणि हे सगळं गोळा होईपर्यंत ऑफिसात विचारायला जाऊ नका. जुनी रजिस्टरं "पावसात भिजतात".

छोटा_हत्ती_४०७

डॉक विचारलात ते इथे लिहीत नाही, व्यक्तिगत निरोप केलाय.

सभासद व्हायचं ठरलं तर रविवारच्या मीटिंगला एकट्यानं जाऊ नका, जुने चार-पाच मिळून जा. तीन गोष्टी तोंडावर विचारा. युनियनचा नोंदणी क्रमांक पावतीवर छापलाय का. ठेकेदाराच्या पोरांना सभासद करणार का, की फक्त आम्हाला. आणि मागणीपत्रावर प्रत्येकाच्या नावापुढे नोकरीला लागल्याचं वर्ष लिहिणार का. तिसऱ्याला "बघू" म्हणाले तर चहा पिऊन परत या. लिहिणार म्हणाले तर २००३ लिहायला लावा, २००९ नको, आणि त्याची एक प्रत त्याच दिवशी घरी आणा.

खडकी_ते_खराडी

पाच जण तयार झालेत. सहावा म्हणतोय पावती बायकोच्या नावानं फाडली तर चालेल का.

बिनकोटाचा_वकील

नाही चालणार.